पोटभाडेकरू

फेब्रुवारीत हेब्डन ब्रिजला
आठ वाजले तरी उजाडल्याची खात्री नसते.
मी गमबूट घालून ओढ्यात उतरते,
जुन्या गिरणीच्या बांधाखाली, जिथं पाणी घाईत असतं,
आणि एकेक दगड उलटून बघते.

दगडाला काळ्या माशीच्या अळ्या.
बुडाशी रेशमाची टिकली, तिच्यात आकडे रोवलेले,
बाकी अंग धारेत सोडून दिलेलं.
तोंडापुढचे दोन पंखे उघडमीट, उघडमीट.
येईल ते खातात.

दुपारी मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक, दोन सुया.
तांदळाच्या कणीएवढा जीव,
त्याचं आतडं ओल्या दोऱ्यासारखं निघतं
आणि आतल्या अस्तरावर
बुरशीचं रान: बिनरंगी, फांद्याफांद्यांचं,
एका टोकाशी घट्ट.
जखम नाही कुठं.
समोरून अन्न जातं, त्यातलं ओलं ती टिपते.
उपासाच्या दिवसांत म्हणे उलट काही देतेही.
म्हणे. हिशोब अजून कुणी नीट मांडलेला नाही.

आमच्याकडे याला शब्द आहे, मी मॉरीनला सांगितलं,
पोटभाडेकरू, आणि फोड करून दाखवली.
ती हसली नाही. किटली ठेवली.
घर कौन्सिलचं, भाडेकरू ती,
माझी खोली कागदावर कुठेच नाही.
'पोटात ठेव' हे तिच्या भाषेत कसं म्हणतात
ठाऊक नाही, पण ती ठेवते.
तिचा गुडघा धरला की कचऱ्याचे डबे मी रस्त्यावर नेते.

अळी कात टाकते
तेव्हा आतड्याचं अस्तरही टाकते.
बिऱ्हाड वाहून जातं.
जाता जाता बीजाणू सुटतात, शेपटीला केसाएवढे दोर:
कशात तरी अडकायचं, कुणीतरी गिळायचं,
मग पुन्हा कुणाच्या तरी आत
काही मिनिटांत पाय रोवायचे.

इथवर मला सगळं पटत होतं.
पण गेल्या मेमध्ये एका माशीच्या, पंख फुटलेल्या माशीच्या,
अंडाशयात अंडी नव्हती.
त्या जागी ती होती. अंड्यांच्याच घाटाची.
माशी ते पोटचं समजून
प्रवाहाच्या उलट उडत गेली असती,
वर माळावरच्या पहिल्या झऱ्यापर्यंत,
आणि अलगद पाण्यात सोडून आली असती.

वहीत मी तारीख लिहिली, जाळीचा क्रमांक, पाण्याचं तापमान.
'पोटचं' लिहिलं आणि खोडलं.
जिन्याखालून मॉरीननं विचारलं,
इतका वेळ काय करतेस वर?
म्हटलं, काही नाही.
मोजतेय.