वल्ह्याचं भाडं

पुणे स्टेशनच्या मालधक्क्यावर
ते लांबडं गोणपाटी पुडकं तीन दिवस पडून होतं.
भाडं दोन रुपये सहा आणे.
भरायला कुणी आलं नाही.
शेवटी कारकुनानं चिठ्ठीवरचं नाव वाचलं,
केरबा सुतार, बोट क्लबच्या मागं, संगमापाशी,
आणि मला बोलावणं धाडलं.

होडी मीच बांधली होती.
लिमये विलायती मासिकाचं पान घेऊन आले.
पानावर माणूस, माणसाच्या डोक्यावर उलटी होडी.
'अशी. खांद्यावर घेऊन डोंगर चढता आला पाहिजे.'
मी म्हटलं, होडीनं माणूस न्यायचा, का माणसानं होडी?
लिमये हसले. सोराबजी हसले.
गणू भोई हसला नाही.
तो तिच्या बरगड्यांवरून बोट फिरवत होता,
बाजारात गाईच्या फिरवावं तसं.

सागाच्या चिपा वाफेवर वाकवल्या,
वर किंतान, किंतानावर जवसाचं तेल, मग राळ.
चैत्रात मुठेला पाणी कुठलं!
बंडाच्या वर, साचल्या डोहात पाच फेऱ्या मारल्या,
म्हणाले, झालं, पक्की आहे.

निघायच्या आदल्या रात्री
माझ्या कंदिलाखाली नकाशा पसरला.
खाली गावं, घाट, मुंगीएवढी अक्षरं.
वर उत्तरेला एक नदी जाता जाता
मध्येच थांबलेली.
पुढं कोरा कागद.
'इथं काय हाय?' गणूनं विचारलं.
'तेच तर बघायचंय.'
'नदी हाय म्हंजे काठाला कुणीतरी असंलच की.
त्याला इचारलं का?'
लिमयांनी नकाशा गुंडाळला.

पुढचं मी पेपरातून ऐकलं,
पोरानं वाचून दाखवलं तेवढंच.
बर्फाचं पाणी. दोन कड्यांमधली घळ. नववा दिवस.
होडी सापडली नाही. माणसं सापडली नाहीत.
वल्हं सापडलं, कुणा मेंढक्याला,
घळीच्या खाली चार कोसांवर.
त्यानं ते चौकीपर्यंत चालत आणून दिलं.
त्याचं नाव पेपरात नव्हतं.

शोकसभेला दोन तसबिरी, दोन हार.
वक्ते म्हणाले, पुण्याचे दोन धाडसी सुपुत्र,
आणि एक नावाडी.
गणूची बायको चंद्रभागा दाराशी उभी होती,
चपलांच्या ढिगापाशी.
सभा संपेतो तिनं पदर दातात धरला होता.

वल्हं मी भोई आळीत घेऊन गेलो.
तिनं ते आडवं धरलं, उभं धरलं,
मुठीजवळ अंगठ्यानं चाचपलं.
'ह्या अंगानं झिजलंय. डावखुऱ्याचं हाय.
त्यांचंच.'
मग चुलीपाशी टेकवून ठेवलं
आणि विचारलं, भाडं किती पडलं?
मी म्हटलं, जाऊ द्या.
'का जाऊ द्या? आमच्या माणसाचं हाय, आम्ही भरू.'

दर बुधवारी दोन आणे.
मासळीचा वास असलेले, कधी ओले.
एकोणीस बुधवार.

तळाच्या तिसऱ्या चिपेला गाठ होती.
मी राळ भरली, वरून रंग दिला.
त्या दिवशी गणूचं बोट तिथं आलं, थांबलं,
त्यानं माझ्याकडं बघितलं
आणि बोट पुढं नेलं.

मी आणे घेत राहिलो.
नको म्हणायचं, तर
का नको ते सांगावं लागलं असतं.