बत्तीस अंश

खालच्या मजल्यावरचा कॅलम घर सोडून गेला
तेव्हा मागे ठेवून गेला एक काचेची पेटी,
एक लाल बल्ब, एक विजेवर तापणारा दगड,
आणि ही.
ऋजुता म्हणाली, हिचं नाव हळद.
खरंच. हळदीवर मोहरी तडतडून उडावी
तसे ठिपके अंगभर.

आई फोनवर म्हणाली, पाल? पाळलीस?
आणि तिकडे चंद्रपुरात
सवयीनं टेबलावर बोट वाजवलं, कृष्ण कृष्ण.
पण ही तर चुकचुकतच नाही.
चुकचुकली ती शंकेची, माझ्या मनातली,
विजेच्या मीटरवर साडेचार पौंड उरलेले बघून.

डिसेंबरात डंडीचा दिवस साडेतीनला संपतो.
लॉकी रस्त्यावर गेडिस म्हाताऱ्याचं दुकान,
आत शिरलं की चष्म्यावर वाफ.
त्यानं लाल बल्ब हातात घेऊन फिरवला,
म्हणाला, रात्रभर ह्याच्याखाली तुला झोप लागेल?

मला विचारतोय.
मी रात्रपाळीवाला.
खिडकीला पोळ्यांचा चंदेरी कागद चिकटवून
भर दुपारी रात्र तयार करणारा माणूस.
बल्ब मी त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दगडही तिथंच राहिला.
पोट भाजतं, तो म्हणाला,
आणि त्यांना वेळेवर उठायचं कळत नाही.
हे मी बसमध्ये, जिन्यात, कुलूप उघडताना
चघळत राहिलो.
पोट भाजतंय आणि उठायचं कळत नाही.

ऊब वरून यायला हवी, उन्हासारखी.
खाली एक पाटी, वादळात छपरावरून पडलेली,
मागच्या अंगणात सापडली, घासून धुतली.
दिवसभर हॅलोजन तिला तापवणार,
तिन्हीसांजेला हळद येऊन तिच्यावर पोट टेकणार.
पाटीवर बत्तीस. दुसऱ्या टोकाला चोवीस.
मध्ये तिचं तिनं ठरवायचं.
अतिनील नळी अगदी मंद,
उन्हाची नुसती चव लागेल इतकी,
आणि अर्धी पेटी सावलीत.
थर्मोस्टॅटशिवाय काहीही लावायचं नाही,
हे गेडिसनं तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा माझं मनगट धरून.

सत्तेचाळीस अंशांत सायकल हाणलेला मी
आता गुडघ्यावर बसून
एका अंशासाठी बल्ब दोन बोटं वर घेतो.

भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात.
हिला आहेत.
म्हणजे हिला डोळे मिटता येतात,
म्हणजे हिला रात्र द्यायला हवी, खरी, काळी.
आणि माझी खोली तर रात्री पंधरावर येते.
तर त्यासाठीही वस्तू मिळते:
उजेड नसलेली ऊब.
ती महाग होती.
मी दुकानात थोडा वेळ तसाच उभा राहिलो,
मग घेतली.

ऋजुता एकाआड एक शनिवारी येते.
तिच्या आईच्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत.
गेडिसनं उसना दिलेला तापमापक,
पिस्तुलासारखा, तिनं आधी पाटीवर रोखला:
बत्तीस. शाब्बास.
मग थंड बिळावर: चोवीस.
मग चहावर, खिडकीवर, बंद रेडिएटरवर,
मग माझ्या हातावर.

बावीस, ती म्हणाली.
बाबा, तू हळदीच्या थंड टोकापेक्षा थंड आहेस.

मी हसलो, दुसऱ्या स्वेटरची बाही खाली ओढली.
ती हसली नाही.
उठली, आणि न विचारता
रेडिएटरचा खटका फिरवला, पुरा शेवटपर्यंत.
मी मीटरकडे बघितलं,
काही बोललो नाही.
नळ्यांमधून पाणी खुडबुडत वर येऊ लागलं.
हळद पाटीवर शेपूट पसरून पडली होती,
एक डोळा मिटून,
एक अजून उघडा.