अनामिकेची वाटणी

प्रयागबाईचा हात स्पिरिटनं तीनदा पुसला
तरी चिंचेचा रंग निघेना.
मग तारा तशाच चिकटवल्या.

लातुरात बाहेर बेचाळीस,
आत मशीनसाठी एसी,
आणि गार हाताची नस खोटं बोलते,
म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी
तिच्या मनगटावर, दहा मिनिटं.
"उनातून आलेल्या हाताला
शेकायलाव व्हय?"

विचारायचं ते विचारलं.
रात्री दोनला मुंग्या येतेत, म्हणाली.
उठून हात झटकते, ओलं धुणं झटकावं तसा.
बशी सुटते. सुई ओवायला
शेजारच्या पोरीला हाक मारते.
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
आणि अनामिकेचं अर्धं.

अर्धंच? मी मुद्दाम विचारलं.
"अर्धंच. मधून धुरा घातल्यावानी.
ह्या अंगाला बधिर, त्या अंगाला जित्तं."

हीच रेघ पुस्तकातून शिकायला
मला एक वर्ष लागलं होतं:
दोन नसांनी वाटून घेतलेलं एक बोट,
आणि अंगठी दोघींच्या शिवेवर.
तिच्या बोटात अंगठी नव्हती.
वण होता.

आता चटका बसेल, म्हणालो. बटण दाबलं.
अंगठा टुणकन उठला
आणि ती हसत सुटली.
"गावात दुपारची लाइट नाई
अन् हितं माज्या हातात सोडलाव!"

पुन्हा दाबलं. पुन्हा उठला.
आता हसली नाही.
परक्याच्या हाकेला ओ देणाऱ्या
स्वतःच्या लेकराकडं बघावं
तशी अंगठ्याकडं बघत राहिली.
"राशनच्या मशीनला ह्यो उमटत नाई.
तुमच्याला कसा वळखू आला?"

राशनच्या मशीनला कातडीवरच्या रेषा लागतात,
त्या चिंचोक्यांनी नेल्या.
माझं मशीन कातडीखाली एवढंच विचारतं,
निरोप निघाला कधी, पोचला कधी.

कोपरापासून मनगटापर्यंत नीट धावत आला.
मनगटाच्या बोळात अडला.
पाच पूर्णांक आठ मिलिसेकंद.
चारच्या आसपास पोचायला हवा होता.
एवढ्याशा वेळात पापणीसुद्धा लवत नाही,
आणि एवढ्याशा वेळापायी
ही बाई संक्रांतीपासून सलग झोपली नव्हती.

तुलनेसाठी डावा हात.
डावा ठणठणीत.

डॉक्टर पट्टा देतील, सहा आठवडे आराम लिहितील.
ती तारा निघायची वाट बघत होती.
"डावा चांगला हाय नव्हं?
फोडणीचे अजून ईस दिस हाईत. किलोवर पैसे.
उद्यापून हातोडी डाव्यात घेते."

डाव्याचे आकडे मी कागदावर लिहिले,
मोठ्यानं वाचले नाहीत.
तिनं पडद्याकडं आधीच बघून ठेवलं होतं:
दोन डोंगर,
आणि कुठला लवकर चढायला लागतो ते.