मादी : अज्ञात

पंखांवर विश्वास ठेवू नकोस,
कन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
पंख सगळ्यांचे सारखेच, भाताच्या तुसाच्या रंगाचे,
पसरले तर जेमतेम अकरा मिलिमीटर.
जात ओळखायची ती पोटाच्या टोकावरून.

म्हणून मी पोट तोडते.
रात्रभर पोटॅशमध्ये भिजत घालते, डाळ घालावी तसं,
सकाळी पापणीच्या केसाने चरबी झाडते.
काचेखाली उरते एक आकडी.
हिला तीन दात, तिला दोन :
एवढ्यावर जगात दोन नावं होतात.

हनोईत, तिसऱ्या मजल्यावर, डांबरगोळ्यांच्या वासात
चौदा वर्षांत माझ्या हातून अशा सहा जाती झाल्या.
सातवी सा पाच्या वरच्या अंगाची.
सेंगने धुक्यात चादर बांधली, दिवा लावला,
एकेक कुपीत धरला. एकतीस नमुने,
एकतीसही नर.

मी लिहिलं, मादी : अज्ञात.
हा शोक नव्हे, आमची लिहायची रीतच आहे.
दिव्यावर झेपावतो तो पतंग, म्हणतात ना.
तो झेपावतो.
ती कुठे असते, हे कुणी विचारलेलं नाही.

छापण्याआधी उंची पुन्हा मोजायला वर गेले.
सेंगच्या बायकोला, झुआला, फोटो दाखवला
उगाच, बोलायला काहीतरी हवं म्हणून.
तिचे हात मनगटापर्यंत निळे.
"हा होय! ह्याची बायको आमच्या निळीच्या पिंपाशी असते.
उडत नाही, चालते.
वाळत घातलेल्या कापडाच्या घडीत शिरते. आम्ही झटकून टाकतो."
नाव काय तिचं?
झुआने सांगितलं. सेंग खो खो हसला,
म्हणाला, व्हिएतनामीत नाही सांगता यायचं.

पहाटे चारला दोघी पिंपाशी उकिडव्या बसलो.
आंबूस वास, गुडघ्यांत गारठा.
साडेपाचला घडीतून ती आली, चालत,
पंख कसले, पाठीवर दोन ठिगळं.
झुआने तळवा टेकवला. ती चढली,
निळ्यावर एक तूस.

कुपी मी उघडली. काम आहे ते.

लेबलांवर आधीच छापलेलं असतं : दिव्यावर.
ते खोडलं, पेन्सिलीने लिहिलं :
कापडाच्या घडीत. झुआ.
कोपऱ्यात निळा डाग पडला,
तो तसाच राहू दिला.