वलंपिक क्रॉस

चोर्ल्याच्या रस्त्याला, हुलगवाडीच्या अलीकडं
कंडक्टर अजून ओरडतो, "वलंपिक क्रॉस, इळीरी!"
उतरतात दोन बायका, रताळ्याचं एक पोतं,
कधी कधी कुणीच नाही.
गाडी तरी थांबते.

तिथला बोर्ड मी रंगवला.
लुमाणा पेंटर, स्टेशन रोड, खानापूर.
कोपऱ्यात बारीक सही आहे,
गवत वाढलं की दिसत नाही.

कल्लाप्पा मोदगेकर त्या साली परदेशात
दुसऱ्याच कुस्तीत चितपट झाला.
रेडिओवर खरखर होती, आम्हाला वाटलं जिंकला,
पेढे वाटून झाल्यावर कळलं.
मग म्हटलं, वाटले ते वाटले.
जीपमधनं मिरवणूक काढली तशीच.
कट्ट्यावर उभं राहून साहेब म्हणाले:
मैदान बांधू, पाच हजार माणूस बसेल,
गोव्याला जाणारा टुरिस्ट इथं मुक्काम करेल,
हॉटेलं होतील, रस्ता रुंद होईल,
तुमची पोरं गाईड होतील.
कल्लाप्पाचे कान मोडलेले, त्याला कमी ऐकू यायचं.
त्यानं एवढंच विचारलं,
"माती कुठली घालणार?"

माती घातलीच नाही. मॅट आली, निळी,
बाहेरगावच्या कंपनीची, गुंडाळून.
अजून गुंडाळलेलीच आहे.
लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना झोपायला नेतात,
परत आणून ठेवतात, हे एक बरं आहे.

बोर्ड पहिल्यांदा एका भाषेत लिहिला.
आठ दिवसांत रात्रीचं कुणी डांबर फासलं.
दुसऱ्यांदा दुसऱ्या भाषेत. परत डांबर.
तिसऱ्यांदा दोन्ही. मग वर कुठली, खाली कुठली
यावर तहसीलदारांच्या हापिसात दोन मिटिंगा,
चहा, बिस्किटं, एक राजीनामा.
पैसे मला तिन्ही खेपेचे मिळाले,
हे खरं ते सांगितलं पाहिजे.
शेवटी साहेब वैतागले.
"अक्षरंच नकोत. नुसती कडी काढ. पाच."

निळा माझ्याकडं होता. लाल, एका देवळाचा उरलेला.
हिरवा मशिदीच्या कामातला, मुश्ताकनं दिला,
पिवळा एस्टी डेपोतल्या मेकॅनिककडनं, अर्धा डबा.
काळा संपला होता.
बोर्डाच्या पायथ्याला एक डबा लवंडला होता,
रात्रीची पोरं टाकून पळालेली.
कुठल्या बाजूची, ते डांबरावर लिहिलेलं नसतं.
उन्हात ठेवला तासभर, पातळ झालं.
वरच्या ओळीत मधलं कडं
मी त्याच डांबराचं काढलं.
कुणाला सांगितलं नाही. बिलात 'काळा ऑइलपेंट' लिहिलं.

पाच हजार काही बसले नाहीत.
उन्हाळ्यात गॅलरीवर मल्लव्वा मिरच्या वाळवते,
पायरीपायरीनं, खालनं वरपर्यंत लाल;
लांबून बघितलं तर गर्दी वाटते.
कल्लाप्पा जायच्या आधी रोज तिथं येऊन बसायचा,
शिंकायचा, हसायचा,
बिनमातीच्या हौद्याकडं बघत.
पहाटे पोलीस भरतीच्या पोरी पळतात,
सोळाशे मीटर, एकीच्या पायात भावाचे बूट.
मोबाईलवर वेळ बघणारी शांतव्वाची नात
आकडे कन्नडात मोजते, शिव्या मराठीत देते.
साहेबांच्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

परवा एक गाडी थांबली, मुंबईच्या नंबरची.
नवरा-बायको, मागं पोरगं झोपलेलं.
त्यांना संडास पाहिजे होता. मैदानाचा दाखवला,
कुलूप होतं. उसात गेले.
येताना बाईनं बोर्डाकडं बघितलं.
निळा उडालाय, लाल उडालाय,
हिरवा, पिवळा, सगळं पावसानं नेलं.
डांबराचं कडं तेवढं घट्ट,
पांढऱ्या पत्र्यावर एकटं.
"शून्य किलोमीटर का हो हे?" बाईनं विचारलं.
"हो," म्हटलं.
"मग गोवा किती?"
म्हटलं, पुढं बोर्ड आहे बघा,
तोही मीच लिहिलाय.