मसुदा

बिश्केकमध्ये, मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
जिपारा सादिकोवा
सकाळपासून एका शब्दापाशी अडली आहे.

'युद्ध' लिहिलं की कागद वरून परत येतो.
'संघर्ष' जरा टोचतो म्हणे.
'परिस्थिती' चालेल.
परिस्थिती कुणी सुरू केली, असं कुणी विचारत नाही.

लढाई इथून हजारो किलोमीटर लांब.
पण पिठाचं पोतं तिकडून येतं, डिझेल तिकडून,
आणि धाकटा एर्मेक तिकडेच कुठेतरी
अठराव्या मजल्यावर फरशा बसवतो.
पाच तारखेला अत्-बाशीच्या घरी पैसे पोचतात.
या खेपेला पैशांमागून निरोप आला:
पासपोर्ट देतो म्हणतात, ताई,
फक्त गणवेश घाल म्हणतात.

परवा दुसरीकडचे पाहुणे येऊन गेले.
पुलाला कर्ज देऊ म्हणाले, व्याज नावापुरतं,
मतदानाच्या दिवशी तेवढी आठवण असू द्या.
मंत्र्यांनी त्यांना घोडीचं दूध पाजलं,
डोंगर दाखवले,
उत्तर मात्र टोपीखाली ठेवलं.

उद्या मतदान. बटणं तीन.
आपलं बोट ठरलेल्या जागी जाईल,
ना होकार, ना नकार,
अख्ख्या देशाने मिळून गिळायचे मूग.

'सखोल चिंता' मधलं 'सखोल' ती खोडते.
चिंता राहू देते.

रात्री आईचा फोन.
'काय ठरलं गं आपलं?'
'काहीच नाही, आपा.'
'बरं झालं,' आई म्हणते,
आणि बराच वेळ
फोन ठेवत नाही.