चौथी नळी

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याचा
आडवा छेद मी काढला तेव्हा
कागदावर सगळं कोरडं होतं:
सहा इंची चार नळ्या, दोनावर दोन,
वर लाल फरशी, पिवळी पट्टी, मीटरभर माती.

खणायला घेतलं तर कमरेइतक्यावर जांभा,
आणि जांभ्याखाली
भरतीचं वेळापत्रक.
साडेतीनला चर आपसूक भरला.
एक खेकडा आत उतरून
मापं घेऊन गेला.

बस्त्यांव मुकादम नकाशा उलटा धरून म्हणाला,
"वळणां कमी कर गो बाय.
केबल म्हणजे जनावर न्हय, आपणहून वळाक."
रात्री हिशेब पुन्हा मांडला: ओढ, घर्षण, वजन.
दोन वळणं गेली.
एक राहिलं, राऊळांच्या फणसापायी.

अकरा हजार व्होल्ट अंधारात तापणार.
उष्णतेलाही बाहेर पडायला वाट हवी,
म्हणून भोवती चाळलेली वाळू.
किनाऱ्यावरची फुकट होती, पण खारट;
कुडाळहून डंपर मागवला.
लोक हसले:
समुद्राकाठी वाळू विकत!

एक केबल बाजाराला, एक बंदराला,
एक बर्फाच्या कारखान्याला.
चौथी नळी रिकामी.
ऑडिटवाले विचारतील, कशाला?

तिच्यात फक्त नायलॉनची दोरी सोडलीय,
दोन्ही टोकांना गाठ,
तोंडाला बूच.
तीस वर्षांनी कुणीतरी झाकण उचलेल,
साचलेलं पाणी उपसेल,
माझं नाव त्याला ठाऊक नसेल, नसू दे.
तो दोरी ओढून बघेल.

ती हलली पाहिजे.